अल्कोहोल मार्करने रंगवताना या चुका टाळा

नाशिकच्या गोदाघाटावर रविवारी सकाळी स्केचिंगला बसणाऱ्यांकडे आता जलरंगाच्या पेटीबरोबर अल्कोहोल मार्करचा संचही दिसतो. नारोशंकराच्या देवळाची रेषा सुरेख उतरलेली असते, प्रमाणही बरोबर असतं. रंग भरायला घेतला की मात्र भिंतीवर पट्टे उठतात, आभाळाला कडा पडतात, रेषा फिसकटतात. मुलं म्हणतात, "मॅडम, माझा हातच बसत नाही." हात बसलेला असतो. आड येते ती जलरंगाची सवय.

इलेमेंटरी-इंटरमीडिएटच्या तयारीपासून आपल्याला बजावलेलं असतं की पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पूर्ण वाळू द्या, मगच दुसरा. मार्करला हा नियम चालत नाही. या शाईत रंग अल्कोहोलमध्ये विरघळलेला असतो. कागदावर आला की अल्कोहोल भराभर उडून जातं आणि रंग कागदाच्या धाग्यांत राहतो. वरून पुन्हा ओली शाई आली की खालचा रंग परत विरघळतो आणि दोन्ही एकमेकांत शिरतात. ब्लेंडिंग म्हणजे एवढंच. पाण्याचा ब्रश फिरवून उपयोग नाही, वाळलेली ही शाई पाण्याला दाद देत नाही.

ओलं आहे तोवर

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडून मी आधी द्राक्षाचा एकच मणी रंगवून घेते. थॉमसन जातीचा लांबट हिरवा मणी, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा काढलेला. हिरव्याच्या तीन छटा घ्या. सर्वांत फिकटने मणी भरा, चमकेची जागा कोरी सोडा. लगेच, फिकट ओला असतानाच, सावलीच्या बाजूला मधली छटा चंद्रकोरीसारखी लावा. तिच्या आत गडद छटेची बारीक रेघ. आता उलटे या: गडद आणि मधल्याच्या सीमेवर मधला मार्कर छोट्या गोलांत फिरवा, मग मधल्या आणि फिकटच्या सीमेवर फिकट. बहुतेक जण हा परतीचा प्रवास गाळतात आणि तीन पट्टे तसेच राहतात.

मण्याची एक गंमत आवर्जून बघा. तो अर्धपारदर्शक असतो, त्यामुळे ऊन ज्या बाजूने पडतं तिच्या समोरच्या कडेला आतून उजेड दिसतो. तिथे गडद रंग पार टोकापर्यंत नेऊ नका, एक फिकट किनार ठेवा. मणी लगेच रसरशीत दिसतो.

छटा निवडताना गल्लत होते ती अशी, की फिकट पोपटी आणि गडद शेवाळी यांना थेट जोडायला जातात. मध्ये दुवा नसेल तर कितीही घासा, सीमा जात नाही. १९८७मध्ये बाजारात आलेल्या जपानी कॉपिक मार्करच्या क्रमांकात हे सोपं करून ठेवलंय: अक्षरं रंगाचं कुळ सांगतात, पहिला आकडा रंग किती करडा झालाय ते आणि शेवटचा आकडा किती गडद ते. वायजी (पिवळट हिरवं कुळ) ०३, ०६ आणि ०९ असे दोन-तीन आकड्यांच्या अंतराने घेतले की छान मिसळतात. स्वस्त संचांचे क्रमांक असे लागतीलच असं नाही. टोपणाच्या रंगावरही विसंबू नका. ज्या कागदावर चित्र काढणार त्याच कागदावर प्रत्येक मार्करचा चौकोन भरून, वाळवून तक्ता करा. ही शाई वाळली की बऱ्याचदा फिकी होते.

आपल्याकडचा एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळाही लक्षात घ्या. पंख्याखाली शाई बघता बघता वाळते आणि मोठ्या आभाळात कडा पडतात. पंख्याचा झोत कागदावर येऊ देऊ नका, पण खिडकी उघडी ठेवा, कारण अल्कोहोलची वाफ कोंडलेल्या खोलीत त्रास देते. मोठा भाग रुंद निबने, आधीच्या ओल्या कडेवर पुढचा फटकारा थोडा चढवत भरा. पावसाळ्यात उलटा त्रास: दमट कागदात शाई जास्त फुटते. कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये बंद ठेवा.

कागद आणि रेषा

शाळेच्या चित्रकलेच्या वहीवर ब्लेंडिंग शिकू नका. तो कागद शाई पितो, मागे उतरवतो, आणि आपल्याला वाटतं मार्कर खराब निघाला. जलरंगाचा खरबरीत कागद तर शाईही खातो आणि निबचे धागेही काढतो. गुळगुळीत ब्रिस्टल (जाडसर कागद) किंवा मार्कर पॅड घ्या. खाली एक जादा कागद हवाच.

पेन्सिलची रेषा रंगाखाली गेली की नीट खोडली जात नाही आणि शिशाने फिकट निब काळवंडते, म्हणून आधीच खोडरबराने रेषा अगदी पुसट करा. बॉलपेन या शाईत विरघळतो. पिगमेंट शाईचा फाइनलायनर (बारीक टोकाचा पेन) चालतो, पण पाच-दहा मिनिटं वाळू द्या आणि आधी कोपऱ्यात तपासा. शंका असेल तर रंग आधी, रेषा शेवटी.

फिकट मार्कर गडद रंगावरून फिरला की त्याच्या निबला गडद लागतं. घाबरू नका, रद्दी कागदावर रंग स्वच्छ येईपर्यंत घासा.

काळाराम आणि काळा मार्कर

काळारामाचं देऊळ काढताना काळा दगड म्हणून थेट काळा मार्कर उचलणारे मी खूप पाहिलेत. काळ्यावर पुढे काहीच दिसत नाही आणि मागेही येता येत नाही. त्या दगडावर सकाळचं ऊन पडलेलं नीट बघा, तो राखाडीच्या कितीतरी पायऱ्या दाखवतो. उन्हातल्या भागाला उबदार राखाडी, सावलीला थंड राखाडी, दोन्ही फिकटपासून सुरू. काळा फक्त कोनाड्यांच्या आणि कोरीवकामाच्या खोल खाचांत, तोही शेवटी.

तीन-चार थरांनंतर कागद तुडुंब भरतो आणि शाई रेषेबाहेर पळते. असं झालं तर थांबा, वाळू द्या. मग बिनरंगी ब्लेंडर, म्हणजे रंग नसलेला मार्कर, बाहेरच्या बाजूने रेषेकडे ढकलत फिरवा, वाळवा, पुन्हा फिरवा. हा ब्लेंडर खोडरबर नव्हे, तो रंग विरघळवून सरकवतो, त्यामुळे डाग फिका होतो, पुरता जात नाही. उरलेल्यावर पांढरा जेलपेन.

दोन्ही बाजूंना निब असलेले मार्कर आडवे ठेवा, टोपण टक्कन लागल्याची खात्री करा, आणि मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत विसरू नका. ही शाई ज्वलनशील असते. मार्कर सुकला तर आधी त्याची रिफील मिळते का पाहा. नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब काही दिवस काम भागवतात, रंग मात्र पातळ होतो.

या रंगांना ऊन सोसत नाही. घाटावरून आल्यावर मी पान त्याच दिवशी स्कॅन करते, मूळ पान कपाटातल्या फाइलमध्ये ठेवते आणि भिंतीवर लावायला छापील प्रत वापरते.