पन्नाशीनंतरची स्पोर्ट बाईक : खानदेशातील रस्त्यांवर वेगाची शिल्लक कशी राखावी

धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत आज पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ जणांचा हात यामाहाच्या आरएक्स १०० वर बसलेला आहे. १९८५ मध्ये आलेल्या त्या गाडीचे इंजिन ९८ सीसीचे होते, शक्ती सुमारे ११ अश्वशक्ती होती आणि वजन शंभर किलोच्या आसपास होते. पुढे संसार, नोकरी, शेती, मुलांची शिक्षणे यांत वीस-पंचवीस वर्षे निघून जातात, हातात थोडा पैसा आणि थोडी सवड येते, आणि माणूस पुन्हा दुचाकीच्या शोरूममध्ये जाऊन उभा राहतो. तेथे समोर असलेल्या कावासाकीच्या निन्जा ३०० ची शक्ती ३९ अश्वशक्ती आणि केटीएमच्या आरसी ३९० ची ४३ अश्वशक्ती असते. हाताला आठवण असते ती पहिल्या गाडीची आणि मूठ पिळली जाते ती दुसरीची. मी स्वतः एकावन्नाव्या वर्षी याच रीतीने परतलो. गेल्या सहा वर्षांत जे शिकलो त्याचे सार असे की, या वयात वेग सोडण्याची गरज नाही. मात्र डोळा, शरीर, रस्ता आणि ब्रेक या चारही ठिकाणी तरुणपणापेक्षा मोठी शिल्लक, म्हणजे चूक सावरण्याइतकी जागा, राखून गाडी चालवावी लागते.

सुरुवात गाडीपासून न करता डोळ्यांपासून करावी. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होत जाते, त्यामुळे स्पीडोमीटरवरून उचललेली नजर दूरच्या ट्रकवर स्थिरावण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो, आणि समोरच्या दिव्यांनी दिपलेली दृष्टी पूर्ववत होण्यासही उशीर होतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर प्रत्येक हेडलाइटभोवती वलय दिसते आणि त्या वलयाच्या बाजूने चालणारा माणूस दिसतच नाही. स्पोर्ट बाईकवर आणखी एक अडचण येते, जी चष्म्याच्या दुकानात कोणी सांगत नाही. पुढे वाकून बसल्यावर मान खाली आणि नजर वर असते, म्हणजे आपण काचेच्या अगदी वरच्या कडेतून पाहत असतो. फ्रेम लहान असेल तर तिची कड नेमकी रस्त्यावर येते, आणि दूरचे-जवळचे एकत्र असलेल्या काचेत नंबर जागेप्रमाणे बदलत असल्यामुळे आरशात पाहताना चित्र हलते. म्हणून दुचाकीसाठी वेगळा, उंच काचेचा, केवळ दूरच्या नंबरचा चष्मा करावा आणि तो करताना हेल्मेट सोबत न्यावे. रात्रीचा प्रश्न मी एका नियमाने सोडवला आहे : दिवस मावळण्यापूर्वी गाडी घरी आलेली असावी. शहादा, शिरपूर भागात ऊस आणि कापूस वाहणाऱ्या कित्येक ट्रॉलींना मागे दिवाही नसतो आणि परावर्तक पट्टीही नसते. अशा अंधारात डोळ्यांची परीक्षा घेऊ नये.

औषधांविषयी डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे आणि आपण कोणती गाडी चालवतो हेही सांगावे. सर्दीच्या सेटिरिझिनसारख्या साध्या गोळीने झापड येऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे, विशेषतः उन्हात पाणी कमी प्यायले असता, गाडीवरून उतरून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहात इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला लागलेला किरकोळ मार किरकोळ राहीलच असे नाही. म्हणून त्याने औषधांची नावे आणि रक्तगट लिहिलेले कार्ड जॅकेटच्या आतल्या खिशात बाळगावे.

स्पोर्ट बाईकची बैठक मनगटे, मान आणि कंबर यांच्यावर ताण आणते, ही तक्रार खरी असली तरी तिचा अर्धा भाग बसण्याच्या चुकीमुळे येतो. शरीराचा भार तळहातांवर द्यायचा नसून मांड्यांनी पेट्रोलची टाकी धरून पोट आणि पाठीच्या स्नायूंवर तोलायचा असतो. चालत्या गाडीवर हँडल न सोडता बोटे सैल हलवता येत नसतील तर भार हातांवर आहे असे समजावे. हाताला मुंग्या येणे, चिमटीतली वस्तू सुटणे, मान वर धरली की खांद्यात कळ जाणे ही लक्षणे असतील तर आधी तपासणी करून घ्यावी. गाडी घेण्याच्या तीन महिने आधीपासून प्लँक, बैठका आणि हाताच्या तळव्याने कपाळाला विरोध देऊन करायचा मानेचा व्यायाम रोज पंधरा मिनिटे केला तरी फरक जाणवतो. उंच सीटवरून पाय पलीकडे टाकण्यासाठी खुब्याची लवचीकताही लागते, आणि पुष्कळ जण गाडी उभी असतानाच पडतात.

गाडी निवडताना, दहा वर्षांहून अधिक खंड पडलेला असेल तर पहिले वर्ष यामाहाच्या आर१५ सारख्या गाडीवर घालवावे, असे माझे ठाम मत आहे. तिचे १५५ सीसीचे इंजिन सुमारे १८ अश्वशक्ती देते आणि वजन १४२ किलोच्या आसपास आहे. चूक झाली तर ती सुधारण्यास वाव राहतो, आणि बैठक खऱ्या स्पोर्ट बाईकचीच असल्यामुळे आपले शरीर ती सोसते की नाही हेही मोठा खर्च करण्यापूर्वी कळते. जुनी गाडी घेत असाल तर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे याची खात्री करावी. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना ते १ एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाले, त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांत ते असेलच असे नाही. स्लिपर क्लच असल्यास अधिक चांगले, कारण घाईत एकदम खालचा गिअर पडला तरी मागचे चाक उड्या मारत नाही.

हेल्मेट आयएस ४१५१ मानकाचे आणि पूर्ण चेहरा झाकणारे असावे. गालांना ते घट्ट बसावे आणि डोके हलवल्यावर गालांची कातडी त्याच्याबरोबर हलावी. वाऱ्याचा आवाज हेल्मेटच्या आतही कानाला इजा करण्याइतका होतो, तेव्हा फोमचे इअरप्लग वापरावेत. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. जॅकेट आणि पँटवर ईएन १७०९२ या संरक्षक कपड्यांच्या युरोपीय मानकाची किमान एए श्रेणी पाहावी, हातमोज्याच्या तळव्यावर घसरणारी कठीण पट्टी असावी आणि बूट घोट्याच्या वर असावेत. या वयात हाड जुळण्यास लागणारा वेळ लक्षात घेता, गाडीच्या किमतीतून थोडे कमी करून या सामानावर खर्च करणे योग्य ठरते.

खानदेशात उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. जळगाव, भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हवा त्वचेपेक्षा गार असेपर्यंतच वारा शरीराला थंड करतो. ती ४२-४३ अंशांची असेल तर वेगाने अंगावर येणारी झुळूक शरीर तापवते आणि घाम दिसण्यापूर्वीच वाळून जातो, त्यामुळे आपल्याला पाणी कमी पडते आहे हे लक्षातही येत नाही. वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावते. अशा हवेत जाळीचे जॅकेट पूर्ण उघडे ठेवण्यापेक्षा आत ओला सुती बनियन घालून वरची छिद्रे थोडीच उघडी ठेवणे अधिक उपयोगी पडते, कारण ओल सावकाश उडते आणि अंग गार राहते. दर चाळीस मिनिटांनी सावलीत थांबून मीठ-साखर घातलेले पाणी किंवा ताक प्यावे आणि बनियन पुन्हा भिजवावे. एखाद्या वळणावर आपण कोणत्या गिअरमध्ये आहोत हे आठवले नाही, किंवा सोप्या ठिकाणी ब्रेक उशिरा लागला, तर तो उन्हाचा पहिला इशारा समजून लगेच थांबावे. मार्च ते जून मी पहाटे साडेपाचला निघतो आणि नऊच्या आत परततो.

त्याच उन्हात रस्ताही बदलतो. दुपारी डांबर पाझरून चाकोरीत काळा, चकचकीत पट्टा तयार होतो आणि त्यावर टायरची पकड अचानक कमी होते. चाळीसगावच्या रस्त्यावर अशाच पट्ट्यावर, वळणात असताना मी पुढचा ब्रेक दाबला आणि पडलो. गाडी ताशी चाळीसवर होती, तरी हाताचे मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिले. दोष सर्वस्वी माझा होता, कारण वेग वळणाआधी कमी करायला हवा होता. पहिल्या पावसात तेल आणि धूळ यांचा लेप रस्त्यावर येतो आणि पुढे शेतातून निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो, जो साबणापेक्षा कमी निसरडा नसतो. रावेर, यावल, सावदा परिसरात केळीच्या गाड्या भरण्याच्या जागी पाने आणि खांबांचे ओले तुकडे पडलेले असतात. गावाच्या वेशीवरचे गतिरोधक पुष्कळदा रंगवलेले नसतात, त्यामुळे झाडे, घरे किंवा शाळेचा फलक दिसला की गतिरोधक आहे असे गृहीत धरावे. पहाटे आणि संध्याकाळी रोही (नीलगायी) आणि रानडुकरे रस्ता ओलांडतात. एक गेले की मागून दुसरे येणार हे धरूनच थांबावे.

आता ब्रेकविषयी, कारण शिल्लक खरी मोजली जाते ती येथे. ताशी ८० वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. धोका दिसून ब्रेकवर बोटे पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारे ३६ मीटर, असे एकूण ७० मीटर लागतात. वेग १२० केला तर हेच अंतर सुमारे १३० मीटर होते, कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कायद्यानेही २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार दुचाकीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल ८० आणि इतर रस्त्यांवर ६० ची मर्यादा आहे. फलकावर त्याहून कमी आकडा असेल तर तो पाळावा. ब्रेक मारताना पुढचा ब्रेक झटक्याने न दाबता आधी हलका स्पर्श करावा, भार पुढच्या टायरवर येऊ द्यावा आणि मग दाब वाढवत न्यावा. मोकळ्या बंदिस्त पटांगणात ताशी तीसपासून सुरुवात करून एबीएसचा लिव्हरमधला थरकाप हाताला ओळखीचा होईपर्यंत हा सराव करावा. अनोळखी थरकाप जाणवला की माणूस घाबरून लिव्हर सोडतो आणि नेमके तेच करायचे नसते.

घाटासाठी तोरणमाळसारखे शिक्षक नाही. सुमारे १,१५० मीटर उंचीवरच्या या ठिकाणी शहाद्याकडून जाताना सातपायरी घाटातील वळणे इतकी जवळजवळ येतात की एका वळणातली चूक पुढच्या वळणात भोवते. वेग आणि गिअर वळणापूर्वी ठरवावेत, वळणात शिरताना जेथून बाहेर पडायचे तेथे नजर ठेवावी आणि डावीकडे वळायचे असेल तर हँडलची डावी बाजू हलकेच पुढे ढकलावी. हे ऐकताना उलटे वाटते, परंतु वेगातली दुचाकी याच रीतीने झुकते. दरीकडे किंवा खड्ड्याकडे पाहिले तर गाडी तिकडेच जाते. दिसते तेवढ्या रस्त्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. डोंगराच्या आड असलेल्या वळणावर जीप आपल्या बाजूने येत आहे असे धरावे, कारण ती अनेकदा खरोखरच येत असते. आपल्या क्षमतेच्या दहापैकी सहा भागच वापरावेत आणि मागून येणाऱ्या तरुणाला वाट द्यावी. गाडीची पूर्ण ताकद अनुभवायची असेल तर कोइंबतूरची करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळची मद्रास इंटरनॅशनल सर्किट येथे प्रशिक्षणासह ट्रॅकवर जावे. तेथे समोरून ट्रॅक्टर येत नाही, आणि दोन दिवसांत जे शिकायला मिळते ते रस्त्यावर दोन वर्षांत मिळत नाही.

टायरमधली हवा पहाटे टायर थंड असतानाच मोजावी आणि टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचावेत. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. खाच शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचा, उन्हात राहून कडक झालेला टायर बदलावा. परवान्याकडेही लक्ष असावे : चाळिशीनंतर नूतनीकरणासाठी नमुना १अ मधील वैद्यकीय दाखला लागतो आणि पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठी मिळतो.

दरवर्षी दिवाळीनंतर मी दोन गोष्टी करतो. नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टी तपासून घेतो, आणि त्याच पटांगणात, त्याच जागी खडूची रेघ मारून ताशी ५० वेगावरून थांबण्याचे अंतर मोजतो. चांगल्या टायरवर ब्रेकचे अंतर १४ मीटरच्या आसपास यावे. मुलगा न सांगता शिट्टी वाजवतो आणि त्या क्षणी गाडी कोठे होती तेथून दुसरे अंतर मोजतो, म्हणजे प्रतिसादाचा वेळही कळतो. हे दोन्ही आकडे वहीत लिहिलेले असतात. ते सलग दोन वर्षे वाढले तर मी वाकून बसायची गाडी विकून सरळ बैठकीची, हलकी गाडी घेणार आहे, आणि हे घरच्यांनाही सांगून ठेवले आहे.