लक्ष लागत नाही म्हणून व्हिटॅमिन? या चुका टाळा

पहिल्यांदा भेटायला येताना मुलाला देत असलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा, असं मी फोनवरच सांगते. आहारतज्ज्ञ म्हणून एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा आणि उतावळेपणा यांचा त्रास) असलेल्या मुलांच्या आईवडिलांकडून ‘फार काही देत नाही, एक साधं मल्टिव्हिटॅमिन’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पिशवी उलटी करेपर्यंत मी वहीत काही लिहीतच नाही. बहुतेकदा तीन-चार बाटल्या निघतात.

एकच व्हिटॅमिन तीन बाटल्यांतून

माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक ही. सात वर्षांचा एक मुलगा आला होता. चिडचिड वाढलेली, डोकं सारखं दुखायचं, ओठ इतके फुटलेले की हसला तरी रक्त यायचं. आईच्या हिशेबात चिडचिड एडीएचडीची, डोकेदुखी मोबाइलची आणि ओठ चाटायच्या सवयीमुळे फुटलेले. पिशवीतून मल्टिव्हिटॅमिन निघालं, ‘मेंदूसाठी’ असं लिहिलेल्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोड व्हिटॅमिन गोळ्या, निघाल्या आणि कॉड लिव्हर ऑइल निघालं. मी तिन्ही लेबलं समोर ठेवून फक्त व्हिटॅमिन ए ची बेरीज मांडली. तेलाच्या एका चमच्यात १,३५० मायक्रोग्रॅम, मल्टिव्हिटॅमिनमध्ये ४००, दोन गमीजमध्ये ३००. झाले २,०५०. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी रेटिनॉलच्या, म्हणजे तयार रूपातल्या ए ची रोजची वरची मर्यादा ९०० मायक्रोग्रॅम धरतात. आणि हे आठ महिने चालू होतं.

“पण मॅडम, मी तर ओमेगा-३ साठी तेल देत होते.” ओमेगा-३ म्हणजे माशांत मिळणारी एक चरबी. इथेच घोळ झाला होता. फिश ऑइल माशाच्या अंगातलं, कॉड लिव्हर ऑइल माशाच्या यकृतातलं. यकृत म्हणजे ए आणि डी चं कोठार, त्यामुळे बऱ्याच कॉड लिव्हर ऑइलमध्ये ओमेगा-३ बरोबर हेही भरपूर येतं. ए, डी, ई आणि के चरबीत विरघळतात, शरीर ते साठवून ठेवतं. डॉक्टरांनी सगळं बंद करून यकृताची तपासणी करून घेतली. काही आठवड्यांत ओठ बरे झाले, डोकेदुखी गेली. लक्ष मात्र पूर्वीसारखंच उडत होतं. ते बाटल्यांमुळे आलेलं नव्हतं, त्यामुळे बाटल्या बंद करून जाणारही नव्हतं.

‘बी आणि सी जास्त झालं तर लघवीतून जातं’ हेही अर्धंच खरं. बी६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने दिलं तर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात. १९८४ साली ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात एक चाचणी छापून आली होती. लक्षाच्या तक्रारी असलेल्या मुलांना बी गटातली व्हिटॅमिनं आणि सी भरमसाट मात्रेत देऊन पाहिली. फायदा दिसला नाही, उलट काही मुलांची यकृताची एन्झाइम्स वाढली, म्हणजे यकृतावर ताण आल्याची खूण दिसली. तेव्हापासून चाळीसेक वर्षं गेली, ‘हाय डोस’ला अजून गिऱ्हाईक आहेच.

माझी सवय सांगते. एका कागदावर उभे रकाने बाटल्यांचे, आडव्या ओळी घटकांच्या. कागद फ्रिजवर. नवी बाटली घरात आली की आधी रकाना वाढवायचा, मग झाकण उघडायचं.

तपासणीआधीच लोह

मेंदूत डोपामिन (लक्षाशी संबंध असलेलं रसायन) तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं. २००४ साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा, इतर मुलांपेक्षा कमी आढळलं. एवढं वाचून लोक थेट लोहाचं सिरप आणतात. आधी रक्त तपासा. नुसतं हिमोग्लोबिन पाहू नका, ते ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं. आणि ताप-सर्दी चालू असताना तपासलंत तर फेरिटिन वाढलेलं दिसतं, कमतरता झाकली जाते. साठा खरंच कमी निघाला तर मात्रा डॉक्टर ठरवतील. दुधाबरोबर मात्र देऊ नका, नीट शोषलं जात नाही.

लोहाची बाटली कुलपात ठेवा. लहान मुलाने मूठभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तर ते जिवावर बेतू शकतं, आणि आपल्या घरात आधी करून मग विचार करणारं मूल आहे.

एका ओळीत संपणाऱ्या

गमीजना ‘खाऊ’ म्हणू नका. बाटली रिकामी झाल्यावर फोन करणारे मला दर महिन्याला भेटतात.

झिंक महिनोन्‌महिने मनाने देऊ नका, शरीरातलं तांबं कमी होतं.

बायोटिन (बी गटातलं एक व्हिटॅमिन) असलेलं काही चालू असेल तर थायरॉइडच्या तपासणीआधी सांगा, आकडे चुकीचे येऊ शकतात.

आयजीजी रक्तचाचणीचा (रक्तातली पदार्थांविरुद्धची प्रतिपिंडं मोजणाऱ्या चाचणीचा) अहवाल पाहून वीस पदार्थ बंद करू नका. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत पदार्थ वगळण्याचा काही मुलांना उपयोग झाला, पण कोणता पदार्थ बाधेल हे आयजीजीवरून कळलं नाही.

सगळं एकाच आठवड्यात

उतावळ्या लोकांची चूक. गेल्या वर्षी एका वडिलांनी सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात साखर बंद केली, रंगीत पेयं बंद केली, ओमेगा-३ चालू केलं, मोबाइल काढून घेतला आणि मुलाला साडेनऊला झोपवायला लागले. तीन आठवड्यांनी मला म्हणाले, “कॅप्सूलने जादू केली.” शाळा सुरू झाली आणि जादू ओसरली. आता नक्की कशाने फरक पडला होता? मला सांगता येईना, त्यांना तर मुळीच नाही. माझा संशय झोपेवर होता, पण तो संशयच. पुन्हा एकेक करून सगळं तपासण्यात आमचे सात महिने गेले.

शिवाय आईबापाचा डोळा आशेने बघतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी सगळ्यांना सांगते. मुलांना साखर नसलेलं पेय दिलं आणि निम्म्या आयांना ‘साखर दिलीय’ असं सांगितलं. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. साखर कमी करा, दातांसाठी करा, वजनासाठी करा. चंचलपणाचं खापर मात्र तिच्यावर फोडू नका. कृत्रिम रंगांचं थोडं वेगळं आहे. २००७ च्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या अभ्यासानंतर युरोपात सहा रंग असलेल्या पदार्थांवर इशारा छापणं २०१० पासून सक्तीचं झालं. चंचलपणावरचा परिणाम सरासरीने छोटाच आहे, पण रंग बंद करून कुणाचं काही बिघडत नाही.

मी काय करते? एका वेळी एकच बदल. ओमेगा-३ असेल तर किमान तीन महिने, आणि परिणाम झालाच तर माफक होईल हे पहिल्याच दिवशी सांगून. दर शुक्रवारी वर्गशिक्षिकेकडून तीन प्रश्नांना गुण घेते: काम पुरं केलं का, जागेवर बसला का, किती वेळा आठवण करावी लागली. काय बदललंय ते शिक्षिकेला सांगायचं नाही. पालकांना हे फार जड जातं, दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी फोडतंच.

औषध चालू असताना

एडीएचडीसाठी देतात त्या मिथिलफेनिडेटसारख्या औषधांनी भूक मरते. मग ‘जेवत नाही’ म्हणून टॉनिक येतं, आणि आपण पुन्हा पिशवीपाशी. आधी वेळ बदलून पाहा. सकाळची गोळी पोटभर नाश्त्यानंतर. दुपारी डबा अर्धा परत आला तर रागावू नका. संध्याकाळी औषध उतरलं की भूक परत येते, तेव्हा खरं जेवण समोर हवं, बिस्किटाचा पुडा नको. झोपण्याआधी अंडं किंवा दूध. एडीएचडीचं औषध अँफेटॅमिन गटातलं असेल तर गोळीच्या आगेमागे तासभर संत्र्याचा रस किंवा व्हिटॅमिन सी देऊ नका, औषध कमी शोषलं जातं. दर तीन महिन्यांनी वजन-उंची त्याच फ्रिजवरच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहा. काटा खाली जात असेल तर औषध मनाने बंद न करता तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.