कुत्रं दारात यायच्या आधी: पश्मी, शेल्टी आणि बाकीची तयारी

लॅब नको, जर्मन शेफर्ड तर गल्लीत चार आहेत, बॉर्डर कॉली सगळेच घेतात, मग काहीतरी वेगळं कुत्रं घ्यायचं आणि त्याला ओबिडियन्स-ॲजिलिटी (म्हणजे हुकूम पाळणं आणि अडथळ्यांवरून पळणं) शिकवायची, असं म्हणणारे आता आपल्याकडंबी दिसायलेत, लातूरला, परभणीला. चांगलंय की. पण पिल्लाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला की ॲडव्हान्स टाकून मोकळे होऊ नका, मी तेच केलं होतं आणि दोन वर्षं निस्तरत बसलो. पिल्लू यायच्या आधी काय काय बघायचं ते जसं आठवंल तसं लिहितोय.

पहिलं म्हणजे त्या जातीला मुळात कशासाठी पाळलं होतं ते काढा, रंग आन् कान नंतर. ॲजिलिटी हा खेळ 1978 साली इंग्लंडातल्या क्रफ्ट्स नावाच्या कुत्र्यांच्या शोमधे लोकांची मधली वेळ जावी म्हणून सुरू झाला, घोड्यांच्या उड्यांवरून घेतलेला, आणि त्यात पुढं गेली ती मेंढरं वळणारी कुत्री, कारण त्यांचा एक डोळा कायम माणसावर असतो. शिकारी कुत्र्याचं तसं नसतं, ससा उठला की काय करायचं ते त्याचं तो ठरवतो, तुम्हाला विचारत नाही. याला लोक मठ्ठ म्हणतात ते चूक आहे, त्याला पिढ्यान्‌पिढ्या तेच शिकवलेलं आहे.

आता आपल्या दारातलीच शिकारी जात, पश्मी. चाकूर तालुक्यातल्या जानवळचं नाव त्यासाठी सगळ्यांना माहितीय, कानाला-शेपटीला रेशमासारखे केस, आणि त्याचाच आखूड केसांचा भाऊ म्हणजे कारवान, ज्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात. ऊन सोसतं, अंगावर चरबी नाही, उडी तर विचारूच नका. माझं मत विचाराल तर ॲजिलिटीसाठी वेगळं कुत्रं पाहिजे असंल तर आधी हेच बघा, पण रोज तीच उडी वीस वेळा मारून घ्यायची स्वप्नं सोडून द्या. ते तीनदा करतं, चौथ्यांदा बांधाकडं बघत उभं राहतं. प्रॅक्टिस पाच-पाच मिनिटांची ठेवायची आणि ते करतंय तवरच थांबायचं. काठीला दोरी, दोरीला चिंधी बांधून पळवायची, ह्यांना बिस्किटापेक्षा ती चिंधी जास्त कळते. पट्टा साधा चालत नाही, मान डोक्यापेक्षा जाड, मागं सरकलं की पट्टा तुमच्या हातात आणि कुत्रं ससा दिसंल तिकडं, त्यामुळं ओढल्यावर आवळणारा मार्टिंगेल पट्टा आधीच आणून ठेवा. आमचं तर येळवसेला (वेळा अमावस्येला) सुटलं, सगळी माणसं शेतात जेवायला बसलेली आणि हे शेजारच्या हरभऱ्यातून आरपार, अंबिल पिऊन उठलेले पाच-सहा जण मागं, घरी आलं अंधार पडल्यावर. चूक माझी होती, बोलावल्यावर येतंय का हे मोकळ्यात एकदाबी तपासलं नव्हतं.

बाहेरच्या जातीत शेल्टी (शेटलंड शीपडॉग) आणि छोटा पूडल ही दोन मला पटतात. पूडलला लोक हसतात, लिपस्टिकवाल्या बायांचं कुत्रं म्हणून, पण ते मूळचं पाण्यातून मारलेली बदकं आणून देणारं कामाचं कुत्रं, शिकायला लै तल्लख. फक्त केस सारखे वाढतात, मशीन घेऊन स्वतः कापायला शिका, कारण तालुक्याला ते करणारं कोणी मिळंलच असं नाही. शेल्टीचं एक नीट ऐका. शेल्टी, कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड असल्या मेंढपाळ जातींत काहींच्या अंगात एमडीआर1 नावाच्या जीनमधे दोष असतो, अशा कुत्र्याला आयव्हरमेक्टिन ह्या जंत-गोचिडाच्या औषधाचा मोठा डोस गेला तर औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि कुत्रं दगावू शकतं. आणि आपल्याकडं गोचीड दिसली की गाई-म्हशीचं तेच इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला टोचायची सवय. तेव्हा पिल्लाच्या आईबापाची ही टेस्ट झालीय का ते विचारायचं, नसंल झाली तर डॉक्टरला पहिल्याच दिवशी जात सांगायची आणि फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्यायचं.

परदेशातून मागवून देतो म्हणणारे भेटतील. 2016 साली ब्रीडिंगच्या धंद्यासाठी कुत्री आयात करायला सरकारनं बंदी घातली होती, त्यामुळं 'इम्पोर्टेड' म्हणून दुप्पट पैसे मागितले की कागद मागा, बहुतेकदा तिथंच बोलणं संपतं. 2017 च्या नियमानं कुत्री पैदा करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पाच आठवड्याचं पिल्लू खोक्यात घालून ट्रॅव्हल्सनं पाठवतो म्हणला तर नाही म्हणा. स्वतः जा, आई बघा, जमलं तर बापबी. आई अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात दडत असंल तर पिल्लू कितीबी गोड असू द्या, सोडा, मैदानावर स्पीकर आणि गर्दी असते. मग पिल्लं मोकळी सोडायला सांगा, किल्ल्यांचा जुडगा खाली टाका, दचकलं तर चालतं, दचकून परत वास घ्यायला येतंय का ते बघायचं. सगळ्यात दांडगं नको न् सगळ्यात भित्रंबी नको.

जागेचं बोलायचं तर काळी जमीन ह्या खेळाची दुश्मन आहे, पावसाळ्यात पायाला गोळे चिकटतात आणि मे मधे एवढ्या भेगा की उडी मारून उतरताना पाय अडकला तर मोडलाच. मुरमावर पंजे सोलतात. शेतातल्या आखाड्यावर सपाट करून गवत ठेवलेला एखादा तुकडा, नाहीतर गावातल्या शाळेचं मैदान सर हो म्हणत असतील तर. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आतच जे करायचं ते करा. जमिनीवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर कुत्र्यालाबी बसतोय. येड्या बाभळीचे काटे आधीच वेचून काढा, पश्मीची कातडी पातळ, तारेला नुसतं घासलं तरी फाटते.

सामान विकत आणायची घाई करू नका. उड्यांसाठी पीव्हीसी पाईप भागतो, फक्त आडवा दांडा नुसता टेकलेला पाहिजे, धक्का लागला की पडला पाहिजे, खिळ्यानं ठोकायचा नाही. नागमोडी पळायच्या काठ्या बारा लागतात, दोन काठ्यांत साठ सेंटिमीटर, सुरुवातीला सहावरच भागवा. डॉग वॉकची, म्हणजे कुत्र्यानं चालत जायच्या उंच पुलाची, फळी तीस सेंटिमीटर रुंद असते, आधी ती जमिनीवरच ठेवून चालवायची, मग विटांवर, मग उंच, आणि वर वाळू मिसळलेला रंग मारायचा म्हणजे पाय सरकत नाही. टनेल, म्हणजे आतून पळायचा बोगदा, तेवढा विकतच घ्या, घरी केलेले सगळे दबतात.

पण उंच उड्या लगेच नाहीत हं. पिल्लाच्या हाडांची टोकं वर्ष-दीड वर्ष कच्ची असतात, एफसीआय ह्या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या स्पर्धेत अठरा महिन्यांच्या आतलं कुत्रं ॲजिलिटीत उतरवताच येत नाही ते उगाच नाही. तवर दांडा जमिनीवर ठेवूनच.

डॉक्टर पिल्लाच्या आधी शोधा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे ही आपली मोठी सोय. विचारायचं काय तर गोचीड तापाची रक्ततपासणी करता का, आणि पश्मी असंल तर भूल कोणती देता, कारण ह्या सडपातळ कुत्र्यांना काही भुलीची औषधं जड जातात, थायोपेंटोन त्यातलं एक. खायला नुसती दूध-भाकर नाही पुरत, अंडी-चिकन लागतं. बक्षिसाला उकडलेली कलेजी, नखाएवढे तुकडे. बेदाणे अजिबात नाही, किडनी जाते, कांदापण नाही.

स्पर्धा पुण्याकडं, हैदराबादकडं. केनेल क्लबचं रजिस्ट्रेशन, मायक्रोचिप, रेबीजचं कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पेपर नसलेल्या कुत्र्याला एंट्री देता का हे पिल्लू घ्यायच्या आधीच आयोजकांना फोन करून विचारा. रेल्वेनं जायचं तर फर्स्ट क्लासचा आख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, म्हणून गाडीत पिंजऱ्यात झोपायची सवय लहानपणीच लावा.

आणि शब्द. हे सगळ्यात शेवटी ठरवतात आणि तिथंच घोळ होतो. 'ये' ठेवू नका, घरात दिवसातून शंभरदा कोणाला ना कोणाला ये म्हणतात, कुत्रं ऐकून ऐकून बहिरं होतं. आम्ही शिट्टी ठेवली. 'हाड' घरातून बंद करा, हे सगळ्यात अवघड, आमच्या आजीला आजबी जमलं नाही. कोणता शब्द कशासाठी ते ठरवून दाराच्या मागं खडूनं लिहा, सालगड्यालाबी सांगा. आमच्याकडं 'बस' ठेवलंय, आता पाव्हणा आला आणि आजी म्हणली, "बस की रं बाबा," तर पाव्हण्याच्या आधी कुत्रं बसतं.