ॲसिड स्लरीचं पिंप सांभाळताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत डिटर्जंटच्या एका छोट्या कारखान्याचं स्टोअर मी बघतो. नवीन पोरगा कामाला लागला की कॉस्टिक सोड्याला तो आपोआप बिचकतो. ॲसिड स्लरीला मात्र कुणी भीत नाही. दाट, तपकिरी, काकवीसारखी दिसते, धूर नाही की काही नाही. पण ती आम्लच आहे: लिनियर अल्किल बेंझिन सल्फोनिक ॲसिड, बाजारात 90 किंवा 96 टक्क्यांची मिळते, आणि तिच्यात थोडं सल्फ्युरिकही उरलेलं असतं. हातावर पडली तर आधी नुसतं बुळबुळीत लागतं, आग मागाहून होते. डोळ्यात गेली तर नजर जाऊ शकते.

म्हणून बूच फिरवण्याआधी गॉगल, रबरी हातमोजे, ॲप्रन, गमबूट. पँट बुटाच्या बाहेर ठेवायची, आत खोचली तर ओघळ थेट बुटात उतरतो. बचत गटाच्या ताईंनी पदर आणि ओढणी घट्ट खोचून घ्यावी.

भरलेलं पिंप 200 किलोच्या वर जातं. टेम्पोतून टायरवर पाडायची पद्धत सगळीकडे दिसते, मला ती पटत नाही; बुचाचे आटे तिथेच ढिले होतात. उतार लावा, ट्रॉली वापरा. माल काढायला प्लास्टिकचा हातपंप बरा. कॉम्प्रेसरची हवा भरून स्लरी ढकलू नका, पिंप फुटतं.

ठेवायचं छताखाली, उन्हाआड. आपल्याकडच्या पावसात उघड्यावरच्या पिंपाच्या डोक्यावर पाणी साचतं. दिवसा तापलेलं पिंप रात्री निवलं की आतली हवा आकसते, आणि बूच किंचित ढिलं असेल तर ते पाणी आत ओढलं जातं. मग स्लरी गरम होते, जेलसारखी घट्ट होते, पंपाला येत नाही. छत नसेलच तर ताडपत्री घाला आणि पिंपाखाली एका बाजूला पातळ पट्टी सारा, म्हणजे पाणी बुचापासून लांब निथळेल.

लोखंडी पिंप, जस्ताची बादली अजिबात नको. आम्ल धातू खातं, माल काळपट पडतो आणि हायड्रोजन सुटतो. असलं रिकामं पिंप कापायला कुणी गॅस-कटर लावला तर स्फोट ठरलेला. हायपो, म्हणजे ब्लीचचं पाणी (सोडियम हायपोक्लोराइट), तर दुसऱ्या खोलीतच ठेवा. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू होतो. भोवती बांध घाला. सगळ्यात मोठ्या पिंपाच्या 110 टक्के माल मावेल एवढा आम्ही धरतो.

सगळ्यात जास्त गडबड स्लरी मारताना, म्हणजे कॉस्टिकने तिचं आम्ल उदासीन करताना होते. आधी पाणी, त्यात थोडे थोडे कॉस्टिक फ्लेक्स, ते निवू द्या, मग ढवळत ढवळत स्लरीची बारीक धार. फ्लेक्स थेट स्लरीत टाकले तर जागच्या जागी उसळतं. 96 टक्क्यांच्या एका किलोला साधारण 120 ग्रॅम कॉस्टिक लागतं. शेवटचं थोडं पीएच कागद बघूनच घाला, 7 ते 8 वर थांबा. थर्मामीटर 50 अंशांच्या वर गेला की धार बंद. घाई असेल त्या दिवशी हे कामच काढू नका.

सांडली तर पहिल्यांदा पाण्याचा पाइप उचलू नका. फेस होतो, फरशी निसरडी होते आणि सगळं गटारात जातं. इथला उतार पंचगंगेकडे आहे, माशांच्या कल्ल्यांना हे सोसत नाही. कोरडी वाळू टाका, प्लास्टिकच्या फावड्याने भरा, उरलेल्यावर सोडा ॲश (धुण्याचा सोडा) भुरभुरा, बुडबुडे थांबले की पुसा. भरलेली वाळूही घातक कचराच, ती झाकणाच्या पिंपात.

अंगावर उडाली तर कपडे काढून वाहतं पाणी. डोळा असेल तर पापण्या उघड्या धरून किमान 15 मिनिटं. कातडीवर चुना, सोडा चोळू नका. पोटात गेली तर तोंड धुवा, ओकारी काढू नका. डॉक्टरकडे जाताना पिंपावरच्या लेबलचा फोटो न्या.

रिकामी निळी पिंपं बाजारात पिण्याच्या पाण्यासाठी विकली जातात. घातक कचऱ्याच्या 2016 च्या सरकारी नियमांत असली पिंपं घातक कचऱ्यात मोडतात. आम्ही ती विसळून ते पाणी पुढच्या बॅचला घेतो आणि पिंप परवानाधारकालाच देतो, तेही बुडाला ड्रिलने भोकं पाडून.