चिलापीच्या पोटात ॲसिड, रोहूच्या नाही: खाद्य घालायच्या आधी हे बघा

खानापूर, निपाणीकडं बऱ्याच जणांनी कृषी होंड्यात (शेततळ्यात) मासे सोडलेत, पण रोहू-कटला असो की चिलापी (तिलापिया), सगळ्यांना एकाच हिशेबानं खाद्य घालतात आणि पेंडीचे पैसे पाण्यात जातात, ते बघून वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

रोहू, कटला, मृगळ, गवत्या (ग्रास कार्प) यांना जठरच नसतं, घशातनं सरळ आतडं, त्यामुळं हायड्रोक्लोरिक ॲसिड नाही आणि पेप्सिनही (ॲसिडात प्रथिनं पचवणारा रस) नाही, सगळं पचन पीएच 7 च्या आसपास चालतं (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, 7 मधला, जितका कमी तितकं ॲसिड जास्त). चिलापीला जठर आहे आणि खाणं चालू असताना तिथला पीएच 2 च्याही खाली जातो, त्या ॲसिडमुळंच तिला निळं-हिरवं शेवाळ पचतं.

खात्री करायची असेल तर 1 ते 14 ची पीएच पट्टी आणा. मासा ताजा पाहिजे आणि दुपारी धरलेला, कारण चिलापी रात्रभर उपाशी राहिली की पहाटे पोटात ॲसिड फारसं सापडत नाही आणि माणूस उगंच गोंधळतो. पोट चिरताना पित्ताची हिरवी पिशवी फुटू द्यायची नाही, ते पाणी लागलं की पट्टीचा रंग चुकतो आणि मांस पण कडू होतंय. घशामागची छोटी पिशवी कापून आतल्या ओल्या खाद्याला पट्टी लावा, लाल होईल. रोहूच्या आतड्याला लावा, हिरवटच राहील.

आता खाद्य. रोहूला साठवायला जागाच नाही, तेव्हा दिवसाचं एकदम ओतू नका, दोन-तीनदा विभागून द्या. शंभर किलो मासे असतील तर दिवसाला दोन-तीन किलो बास. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे, रात्रभर भिजवून. फिशमीलमधल्या (सुक्या माशांच्या पुडीतल्या) हाडांचं फॉस्फरस विरघळायला ॲसिड लागतं, ते रोहू-कटल्याकडं नाही, म्हणून त्यांच्या खाद्यात मोनोकॅल्शियम फॉस्फेट (सहज विरघळणारं फॉस्फरस) घालणं बरं, नाहीतर हाडांचं फॉस्फरस माशांच्या विष्ठेतनं पाण्यात जातं आणि शेवाळ माजतं. खाद्यात चुना मात्र कुणी सांगितलं तरी मिसळू नका, तो पाण्याचा पीएच बघून तळ्यात टाकायचा असतो.

डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं, पचन मंदावतं, तेव्हा ऊन चढल्यावरच घाला आणि दोन तासांनी पाण्यात सोडलेला खाद्याचा ट्रे उचलून बघा, जेवढं उरलंय तेवढं दुसऱ्या दिवशी कमी करा.