पॅरलल पोर्टसाठी केबल कशी निवडावी आणि कशी जोडावी

गणपतीच्या आरासीत दिवे एकामागून एक पळते ठेवायचे असतील, तर माळ्यावर पडून असलेला जुना संगणक आजही चांगला कामाला येतो, कारण त्याच्या पाठीमागच्या, प्रिंटर लावायच्या २५ छिद्रांच्या पॅरलल पोर्टवर आठ स्वतंत्र तारा मिळतात आणि साध्या प्रोग्रॅमने त्या हव्या तशा चालू-बंद करता येतात. सर्किटची आकृती शोधली की सापडते. रात्र जाते ती केबलपायी, आणि कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत तर अधिकच.

प्रथम पोर्टच्या पिना नीट समजून घ्याव्यात. २ ते ९ या पिना डेटाच्या असून त्यांवर संगणक आपला संदेश बाहेर देतो. १०, ११, १२, १३ आणि १५ या पाच पिनांवर तो बाहेरचा संदेश घेतो. १, १४, १६ आणि १७ या नियंत्रणाच्या आहेत. आणि १८ ते २५ या आठही पिना ग्राउंड, म्हणजे प्रवाहाच्या परतीच्या वाटा आहेत. पाच व्होल्टचा पुरवठा देणारी पिन या पोर्टवर नाही, म्हणून सर्किटला वेगळा पुरवठा लागतोच. यूएसबीला लावायचे प्रिंटरचे कन्व्हर्टर या कामाला चालत नाहीत, कारण ते प्रिंटरशी बोलण्यापुरते बनवलेले असतात आणि एकेक पिन आपल्या हाती देत नाहीत.

आता केबल. हवी ती २५ पिनांची सरळ केबल, म्हणजे एका टोकाची १ नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या १ नंबरलाच आणि २५ नंबरची २५ नंबरलाच जोडलेली. पोर्ट फीमेल (छिद्रांचा) असतो, म्हणून संगणकाकडचे टोक मेल (पिनांचे) असावे. दिसायला हुबेहूब अशा आणखी दोन केबली बाजारात सापडतात आणि दोन्ही फसवतात. सिरियल पोर्टसाठी बनवलेल्या २५ पिनांच्या केबलमध्ये अनेकदा सगळ्या तारा भरलेल्याच नसतात. दोन संगणक एकमेकांना जोडण्याच्या केबलमध्ये तारा आतून उलटसुलट असतात. एकदा भंगारातून आणलेल्या अशाच एका जाडजूड, देखण्या केबलवर मी अख्खी संध्याकाळ घालवली; एकही दिवा लागेना, आणि शेवटी मल्टीमीटर लावल्यावर २ नंबरची पिन १५ नंबरला बीप देत असल्याचे, म्हणजे आतून तिलाच जोडलेली असल्याचे, उघड झाले. तेव्हापासून कोणतीही केबल हातात आली की आधी २ ते २ बीप होतो का, हे मी दुकानातच पाहतो.

प्रिंटरची जुनी केबल घरात असेल, तर तिचे ३६ पिनांचे टोक कापून त्या तारा सर्किटला जोडता येतात. मात्र स्वस्त केबलमध्ये आठ ग्राउंडऐवजी दोन-तीनच तारा ओढलेल्या असतात. डेटाच्या प्रत्येक तारेतून गेलेला प्रवाह ग्राउंडवरूनच परत यायचा असतो. परतीच्या वाटा कमी पडल्या, की सात दिवे एकदम बदलताना आठवाही उगाच लुकलुकतो. १९९४ सालच्या आयईईई १२८४ या मानकाप्रमाणे बनवलेल्या केबलमध्ये प्रत्येक संदेशाच्या तारेला तिची स्वतःची ग्राउंडची तार पिळून दिलेली असते, म्हणून ती दहा मीटरपर्यंत चालते. केबलवर १२८४ हा आकडा छापलेला दिसला, तर चार पैसे जास्त मोजावेत. साध्या केबलची लांबी दोन मीटरच्या पुढे नेऊ नये.

केबल कापल्यावर तारेचे टोक सोलून नीट पाहावे. तांबे लखलखीत किंवा कथलाचा मुलामा असलेले पांढरे दिसले, तर ठीक. समुद्राजवळच्या घरात चार पावसाळे काढलेल्या केबलीत बहुधा तांबे काळे पडलेले किंवा हिरवटलेले आढळते, आणि अशा कळकलेल्या तारेवर सोल्डर पाण्याच्या थेंबासारखे गोळा होऊन घरंगळते, धरत नाही. तार अजून चार बोटे मागे कापून पाहावी. तिथेही काळीच निघाली, तर ती केबल टाकून द्यावी. नवी घ्यायची असेल, तर मुलामा असलेलीच मागावी. मालवण-रत्नागिरीकडे सगळे मिळतेच असे नाही. मुंबईहून येणाऱ्या कोणाला तरी लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणायला सांगणे, हाच अनेकांचा रिवाज आहे.

सोल्डरचा कंटाळा असलेल्यांसाठी चपटी रिबन केबल आणि दाबून बसवायचा कनेक्टर हा सोपा मार्ग आहे. लाल कडेची तार म्हणजे पिन १. पण पुढच्या तारा १, २, ३ अशा क्रमाने येत नाहीत. दोन ओळींतल्या पिना आलटूनपालटून येऊन १, १४, २, १५, ३, १६, ४, १७, ५, १८ असा क्रम लागतो. यातली गंमत अशी, की ५ नंबरपासून पुढे प्रत्येक डेटाच्या तारेशेजारी आपोआप ग्राउंड येते, पण २, ३ आणि ४ या तारांना तो आधार मिळत नाही. म्हणून रिबन मीटरभराच्या आत ठेवावी.

गोल केबल सोल्डर करताना कनेक्टरवर बारीक कोरलेले आकडे भिंगाने वाचावेत. मेल कनेक्टर समोरून पाहिला, की रुंद ओळ वर धरल्यास पिन १ डावीकडे असते, आणि सोल्डरच्या बाजूने तीच उजवीकडे येते; आरशातल्या या उलटापालटीत भले भले चुकतात. तारांच्या रंगांवर विसंबू नये, कोणता रंग कोणत्या पिनेला ते वहीत लिहून ठेवावे. कनेक्टरला एक जुना फीमेल कनेक्टर खोचून ठेवावा, म्हणजे प्लास्टिक तापून पिना वाकड्या होत नाहीत. पिनेच्या वाटीत थोडे सोल्डर भरावे, तारेच्या टोकालाही द्यावे आणि २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दोन्ही एकत्र वितळवावे. उष्णतेने आकसून सांधा झाकणारी नळी तारेवर आधी चढवायची असते, हे सोल्डर झाल्यावर आठवते.

केबल संगणकाला लावण्याआधी मल्टीमीटरने प्रत्येक पिन सरळ पोहोचते का, आणि शेजारच्या पिनेला चिकटलेली तर नाही ना, हे तपासावे.

सर्किटच्या तोंडाशी ७४एचसीटी२४४ हा बफर, म्हणजे पोर्टचा संदेश जसाच्या तसा पुढे देणारी चिप, ठेवावा. एचसीटी यासाठी, की पोर्टची वरची पातळी तीन व्होल्टच्या आसपास भरली तरी तो ती ओळखतो, त्याचाच साधा एचसी प्रकार अडखळतो. त्याच्यापुढे जास्त प्रवाह पेलणारी यूएलएन २८०३ ही चिप लावली, की १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या चालतात. २३० व्होल्टच्या माळांना या केबलच्या जवळही आणू नये. १८ ते २५ या सर्व तारा सर्किटच्या ग्राउंडला एकत्र जोडाव्यात.

जांभ्याच्या कातळावर घर असेल, तर अर्थिंग तपासून घ्यावे. तिसऱ्या पिनेला अर्थ नसलेल्या संगणकाच्या पत्र्यावर फिल्टरच्या कपॅसिटरमधून विजेचा अंश उतरतो, हात लावला की झिणझिण्या येतात, आणि त्याच अवस्थेत केबल खोचली तर पोर्टच जळू शकतो. म्हणून दोन्हीकडचे पुरवठे बंद करूनच केबल लावावी. मग आधी संगणक सुरू करावा आणि तो पूर्ण उघडल्यावर सर्किटला पुरवठा द्यावा, कारण सुरू होताना संगणक डेटाच्या पिना मनाला येईल तशा हलवतो. पहिल्या चाचणीला पोर्टच्या ३७८ हेक्स (सोळाच्या पद्धतीतला आकडा) या पत्त्यावर प्रोग्रॅमने १ लिहावा. पिन २ वरचा दिवा एकटाच लागला पाहिजे. पीसीआय कार्डावरच्या पोर्टचा पत्ता वेगळा असतो, तो सिस्टिममध्ये पाहून घ्यावा.