नफा दिसतोय, पण पैसा कुठाय? कंपनीची हिशेबपत्रकं वाचताना

अॅन्युअल रिपोर्ट कुठून काढायचा हे सांगत बसत नाही, कंपनीच्या साइटवर नाहीतर बीएसई-एनएसईच्या साइटवर पीडीएफ मिळते. फक्त एका वर्षाचा काढू नका, पाच वर्षांचे काढा. आणि आकडे कन्सॉलिडेटेडचेच (उपकंपन्या धरून केलेले) घ्या, कारण उपकंपन्यांच्या डोक्यावरचं कर्ज स्टँडअलोनमध्ये, म्हणजे एकट्या मूळ कंपनीच्या हिशेबात, दिसत नाही.

चेअरमनचं पत्र शेवटी वाचा. पहिलं ऑडिटरचं मत बघा. तिथे क्वालिफाइड (काही बाबतीत हरकत), अॅडव्हर्स (हिशेब बरोबर नाहीत) किंवा डिस्क्लेमर (मत देता येत नाही) यातला कुठलाही शब्द असेल तर का आहे ते कळेपर्यंत पुढे जायचं नाही. मग की ऑडिट मॅटर्स, म्हणजे ऑडिटरला कुठल्या गोष्टी तपासायला जास्त कस लावावा लागला ते.

नफा-तोटा पत्रकात विक्री, कच्च्या मालाचा खर्च, व्याज आणि इतर उत्पन्न वेगवेगळं लिहून घ्या. ताळेबंदात कर्ज, येणी (गिऱ्हाईकांकडून यायचे पैसे), माल आणि रोख. दहा मिनिटांचं काम आहे.

आता खरं काम. बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो की पीई (शेअरची किंमत भागिले प्रति शेअर नफा) बघा, आरओई (भागधारकांच्या पैशावर मिळालेला नफा) बघा, कर्ज कमी आहे ना बघा, झालं. मला याचा मनापासून राग येतो, कारण हेच सगळं बघून मी २०१४ साली एका छोट्या कंपनीत पैसे घातले होते. सरकारी कामांना यंत्रसामग्री पुरवणारी कंपनी, चार वर्षं नफा चढता, पीई स्वस्त, कर्ज बेताचं. त्या चारपैकी तीन वर्षं धंद्यातून आलेली रोख (रिपोर्टमधला ऑपरेटिंग कॅश फ्लो) कंसात होती, म्हणजे उणे, आणि ते मी बघितलं होतं तरी धंदा वाढतोय म्हणून असेल असं मनाशी धरून पुढे गेलो. दोन वर्षांनी कंपनीने येण्यांचा मोठा भाग बुडीत म्हणून काढून टाकला आणि माझे शंभराचे तीस झाले. तेव्हापासून कॅश फ्लो स्टेटमेंट, म्हणजे रोख कुठून आली आणि कुठे गेली याचं पत्रक, वाचल्याशिवाय मी एक शेअर घेतलेला नाही.

या पत्रकात लोक अडतात ते चिन्हांपाशी, मीही तिथेच अडलो होतो. एक काल्पनिक कंपनी घेऊ. विक्री ३०० कोटींवरून ४०० कोटी झाली, नफा ४० कोटी. घसारा (यंत्रं-इमारतींच्या झिजेपोटी धरलेला खर्च) १० कोटी, तो खर्च दाखवला असला तरी खिशातून गेलेला नाही म्हणून परत मिळवायचा. येणी ९० वरून १५० कोटी झाली, म्हणजे ६० कोटींचा माल विकला पण पैसे आले नाहीत, हे वजा. गोदामातला माल २५ कोटींनी वाढला, तेही वजा. पुरवठादारांचे १५ कोटी अजून द्यायचेत, ते अधिक. ४० अधिक १० वजा ६० वजा २५ अधिक १५, हाती काय आलं? उणे २० कोटी. पेपरात बातमी येणार ४० कोटी नफ्याची आणि कंपनी मात्र पगार द्यायला बँकेकडून उचल घेणार. (खऱ्या पत्रकात सुरुवात साधारणपणे करपूर्व नफ्यापासून होते आणि टॅक्स खाली वजा होतो, इथे सोपं पडावं म्हणून करानंतरचा नफा घेतलाय.)

हे मला पुस्तकातून नाही समजलं, काकांमुळे समजलं. त्यांचं इचलकरंजीत सुताचं दुकान होतं. रोज संध्याकाळी गल्ला मोजायच्या आधी ते उधारीची वही काढायचे, आणि ज्याची मुदत उलटली त्याच्या नावापुढे लाल पेन्सिलीने खूण करायचे. दोन खुणा झाल्या की त्या माणसाला नवीन माल बंद, मग तो कितीही मोठा गिऱ्हाईक असो.

ही लाल पेन्सिलीची वही आता प्रत्येक कंपनीच्या रिपोर्टमध्ये आहे आणि ती उघडणारे फार थोडे. २०२१ च्या दुरुस्तीपासून कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनप्रमाणे ट्रेड रिसिव्हेबल्सच्या, म्हणजे येण्यांच्या, नोटमध्ये वयानुसार तक्ता द्यावाच लागतो: सहा महिन्यांच्या आतली येणी, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांच्या वरची. मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा तक्ता शेजारी ठेवा. आकडे उजवीकडे सरकत असतील, म्हणजे जुनी येणी वसूल न होता आणखी जुनी होत असतील, तर विक्रीची वाढ कागदावरची आहे असं मी धरतो. सोबत येण्यांचे दिवसही काढा, येणी भागिले विक्री गुणिले ३६५. वरच्या उदाहरणात ते ११० वरून १३७ वर गेलेत. गिऱ्हाईक जवळजवळ महिनाभर जास्त थांबवतंय.

पण एका वर्षाच्या उणे आकड्यावरून कंपनी टाकून देऊ नका. साखर कारखान्यांचंच बघा, गाळप चालतं हिवाळ्याभर, साखर विकली जाते वर्षभर, त्यामुळे ३१ मार्चला गोदामं भरलेली असणारच. म्हणून पाच वर्षांची धंद्यातली रोख एकत्र करा, पाच वर्षांचा नफा एकत्र करा आणि रोखीला नफ्याने भागा. ८० टक्क्यांच्या वर असेल तर मी निवांत पुढे वाचतो, ५० च्या खाली असेल तर कारण सापडेपर्यंत थांबतो. बँका आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांना) हे लावूच नका, त्यांचं दिलेलं कर्ज हाच धंदा, ते धंद्यातल्या रोखीतच वजा होतं, त्यामुळे चांगली वाढणारी एनबीएफसीसुद्धा उणे दिसते.

अजून एक जागा जिथे फसायला होतं. २०१९ च्या एप्रिलपासून इंड एएस ११६ हा भाडेकरारांच्या हिशेबाचा नियम लागू झाल्यावर दुकानांच्या भाड्याचा मोठा भाग धंद्यातल्या रोखीतून निघून खाली फायनान्सिंगमध्ये, म्हणजे कर्ज-भांडवलाच्या देवघेवीच्या भागात, गेला. त्यामुळे रिटेल कंपन्यांची रोख एका रात्रीत सुधारल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात भाडं तेवढंच जातंय. खालच्या भागातली लीजची (भाडेकराराची) परतफेड आणि त्यावरचं व्याज धंद्यातल्या रोखीतून वजा करून मगच तुलना करा.

आणि रोखच खोटी असेल तर? सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ ला पत्र लिहून कबूल केलं की सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रोख आणि बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी नव्हतेच, आणि त्यावर येणं दाखवलेलं ३७६ कोटींचं व्याजही नव्हतं. अशा वेळी वरचं गणित काही पकडणार नाही. म्हणून मी दोन गोष्टी हमखास बघतो. मिळालेलं व्याज भागिले सरासरी बँक शिल्लक आणि ठेवी, हे एफडीच्या दराच्या आसपास यायला हवं, दीड-दोन टक्केच येत असेल तर पैसा कुठे पडलाय हे विचारायचं. दुसरं, शेकडो कोटी खात्यात असताना कंपनी महागडं कर्ज कशाला घेतेय?

रिलेटेड पार्टीची, म्हणजे कंपनीशी संबंध असलेल्या लोकांशी आणि कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची, नोट वाचा, प्रवर्तकांच्या खासगी कंपन्यांना दिलेली कर्जं तिथे सापडतात. कंटिंजंट लायबिलिटीजमध्ये, म्हणजे पुढे कदाचित अंगावर येतील अशा देण्यांत, दिलेल्या हमी बघा. रेशो यानंतर काढा, आणि त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशीच ताडून बघा.

शेअर घेतल्यावर फाइल बंद करू नका. सप्टेंबर तिमाहीचे निकाल १४ नोव्हेंबरपर्यंत येतात आणि त्यात सहा महिन्यांचा कॅश फ्लो आणि ताळेबंद असतो, जून आणि डिसेंबरच्या निकालांत तो द्यावा लागत नाही. येणी, माल आणि धंद्यातली रोख, हे तीन आकडे तेव्हा तुमच्या वहीत उतरवून घ्या आणि आदल्या वर्षीच्या सप्टेंबरशेजारी ठेवून बघा.